केळीच्या बागेतल्या संध्याकाळी काय नेसावं

वैशालीने स्वतःच्या लग्नाची बातमी अशी सांगितली, की घरी नवा फ्रीज आल्याची सांगावी. सकाळी जळगावात रजिस्टर लग्न, संध्याकाळी सुधाकरच्या केळीच्या बागेत जेवण. माणसं मोजकी, मंडप नाही, बँड नाही. मग जरा थांबून म्हणाली, अक्का येते म्हणालीय, पण तिला सोबत हवी. तू धुळ्यावरून तिला घेऊन ये.

मी लगेच हो म्हटलं. वैशाली आणि मी धुळ्याच्या कॉलेजात असताना होस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो. तिची आई लहानपणीच गेली आणि शिंदखेड्याला राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीने, सुमनअक्काने, तिला वाढवलं. पहिलं स्थळही अक्कानेच आणलं होतं. ते घर वैशालीने काही वर्षांनी सोडलं, आणि तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं दिवाळीला आणि कुणी गेलं तर, एवढ्यापुरतं उरलं. आता पन्नाशीला टेकलेली वैशाली पुन्हा लग्न करत होती आणि अक्का यायला तयार झाली होती. असा प्रवास कुणाला नाकारवेल?

या ब्लॉगवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कपड्यांचा असतो. गरम, दमट गावी संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर छानही दिसेल आणि जीवही घुसमटणार नाही, असं काय घालायचं? कोचीसाठी, गोव्यासाठी, चेन्नईसाठी मी त्याची उत्तरं लिहिली आहेत. पण खानदेश म्हटल्यावर माझ्या डोक्यात कोरडा उन्हाळाच आला. कोरड्या हवेत घाम वाळतो, मग काय, असं म्हणत मी गडद निळा, पायघोळ क्रेपचा अनारकली बॅगेत घातला. आतून साटीनचं अस्तर, गळ्याला जर. हँगरवर तो फार सुंदर दिसतो.

चूक इथेच झाली. खानदेशातला कोरडा उन्हाळा हा एप्रिल-मेचा. आम्ही निघालो ऑक्टोबरात. पाऊस नुकताच गेलेला, जमीन अजून ओली आणि वर ऊन चढलेलं. त्यात केळीच्या बागा, म्हणजे बुंध्याशी सतत पाणी आणि डोक्यावर पानांचं छप्पर. या दिवसांत तिथे जाणार असाल तर बॅग कोकणात जायचंय असं समजून भरा.

पुण्याहून सकाळच्या बसने निघाले. नाशिकपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मालेगाव मागे पडलं की मात्र डोळ्यांवरचा ताण आपोआप उतरतो. रस्ता सरळ होतो, डोंगर लांब जाऊन निळे होतात, आणि दोन्ही बाजूंना कापसाची शेतं सुरू होतात. बोंडं नुकतीच उमलू लागली होती. बसच्या काचेला डोकं टेकवून मी पाहत राहिले. मध्ये झोप लागली, जाग आली तेव्हाही तेच पांढरे ठिपके सरकत होते, आणि मी झोपले तरी होते का, याचीच मला खात्री वाटेना. डाव्या बाजूला बसू नका एवढंच सांगते, धुळ्याकडे जाताना दुपारी डावीकडच्या खिडकीत ऊन येतं.

धुळ्याला पोचले तेव्हा पांझरेच्या पुलावर दिवे लागत होते. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. इथे एसीचे पैसे वाचवू नका. बाहेर जाऊन शेवभाजी खाल्ली, इतकी तिखट की कानामागून घाम ओघळला, आणि परत आल्यावर मी माझी नेहमीची परीक्षा घेतली. ती तुम्हीही घ्या. कार्यक्रमाचा कपडा घालायचा, पंखा आणि एसी बंद करायचा आणि एक कप चहा सावकाश प्यायचा. चहा संपेपर्यंत कपड्याचा विसर पडला तर तो न्यायचा. माझा अर्धा कपही झाला नाही. साटीन पाठीला चिकटलं, जरीने गळा खाजायला लागला. अनारकली परत बॅगेच्या तळाशी गेला.

सकाळी बाजारात गेले. एका जुन्या कापडदुकानात गल्ल्यावर घरची सून बसली होती. कुटुंब मूळचं राजस्थानचं, पण तिचं मराठी अगदी इथलं, हेल काढून बोलणारं. मी संध्याकाळसाठी साडी हवी म्हटल्यावर तिने रंग विचारला नाही. बसायचं आहे का वाढायचं आहे, मातीत चालायचं आहे का गालिच्यावर, एवढंच विचारलं. बाग म्हटल्यावर तिने जॉर्जेटचा गठ्ठा बाजूला सारला आणि महेश्वरी काढल्या. महेश्वर इथून आग्रा रस्त्याने काही तासांवर, त्यामुळे धुळ्यात या साड्या चांगल्या मिळतात. रेशीम आणि सूत मिळून विणलेल्या, अंगावर हवेसारख्या, तरी काठाला एक मंद चमक असते, म्हणून संध्याकाळच्या उजेडात त्या साध्या वाटत नाहीत. मी कापड तोंडाशी धरून त्यातून श्वास घेऊन पाहिला. सहज आरपार गेला. धुराच्या रंगाची, बारीक चौकड्यांची एक घेतली. तीन हजारांच्या आत आली. सोबत सुती परकर घेतला, कारण साटीनचा परकर पायांना चिकटला की चांगल्यातली चांगली साडी फुकट जाते. ब्लाऊज माझा जुना पांढरा सुतीच होता, बाही सैल, काखेत अस्तर नसलेला.

दुपारी स्टँडवर अक्का भेटल्या. शिंदखेड्याहून आलेल्या. पासष्टीच्या पुढे, ताठ, कपाळावर घामाचा थेंब नाही. हातात एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी मला धरू दिली नाही. जळगावची बस मिळाली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं, रस्ता चांगला आहे, पारोळा, एरंडोल करत अडीच तासांत पोचता येतं. पिशवी वर ठेवू का, असं मी दोनदा विचारलं. ती त्यांनी मांडीवरच ठेवली.

पारोळ्याच्या पुढे त्यांनी आपणहून पिशवी उघडली. आत मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला शालू होता. लालबुंद, भरजरी, पदर इतका जड की तो उचलून दाखवायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले. खिडकीतून आलेलं ऊन जरीवर पडलं आणि पुढच्या सीटवरची बाई मागे वळून पाहायला लागली. पहिल्या लग्नात आपण वैशालीला साधी साडी नेसवून पाठवलं होतं, अक्का म्हणाल्या. तेव्हा हात तंग होता. या वेळी तसं नाही करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

 मग त्यांनी शालूची घडी नीट करून पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता अहिराणीत म्हणाल्या, "रेवती, तू तिनी मैतरीण शे. तू सांग तिले, हाऊ नेस म्हणीसन. मनं ती ऐकस नही."

शालू नेसायला तिला सांगते, म्हणून मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

जळगावात वैशालीच्या घरी पोचलो. बहिणी दारात भेटल्या, अक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवला, दोघींनी प्रवास कसा झाला हे एकमेकींना विचारलं आणि विषय संपला. चहा झाला. पिशवी कोपऱ्यात होती. संध्याकाळी अक्का आडव्या झाल्यावर वैशाली आणि मी मेहरूणच्या तलावावर फिरायला गेलो.

तलावावर वारा नव्हता. पाणी आणि आभाळ एकाच फिकट रंगाचं झालं होतं. पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात उभे राहिल्यासारखे दिसत होते. आम्ही होस्टेलमध्ये चालायचो तशा, न बोलता, एका लयीत चालत होतो. मध्येच वैशाली थांबली. कठड्याला धरून उभी राहिली आणि पदराने मानेवर वारा घालायला लागली. तिचा चेहरा लाल झाला होता, केसांच्या मुळांशी घाम आला होता. थोड्या वेळाने ते ओसरलं. वर्षभर असं होतंय, ती म्हणाली. पाळी जाण्याच्या वयातलं. अंगात कुणीतरी चूल पेटवल्यासारखी एक लाट येते, छाती धडधडते, कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. दिवसातून कितीदा येईल ते सांगता येत नाही. म्हणून तिने बागेतल्या संध्याकाळसाठी महिनाभर विचार करून साडी निवडली होती. तीही महेश्वरीच, हिरव्यातून पिवळ्याकडे चाललेली, पिकू लागलेल्या केळ्याच्या रंगाची. ब्लाऊज कोपरापर्यंत सैल, पाठ मोकळी, गळ्यात फक्त एक बारीक सर, केस वर बांधायचे, पायात सपाट चपला. लग्नात आपल्याला श्वास घेता यावा, एवढीच तिची इच्छा होती.

मग मी तिला पिशवीबद्दल सांगितलं.

ती पुन्हा चालायला लागली. आम्ही अर्धा फेरा मारला. मी म्हटलं, अक्कांना सगळं सांगून टाक ना, समजेल त्यांना. ती हसली. अक्काने मला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, ती म्हणाली, पण अंगाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आणि साडी नाही नेसले तर तिला वाटेल, मी अजून रागावलेली आहे.

"रागावलेली आहेस का?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण ती इतक्या वर्षांनी आलीय. मी शालू नेसते. दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न झालं. सह्या, हार, पेढे. सुधाकर उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. आधी शाळेत शिकवायचा, बायको गेल्यावर शाळा सोडून वडिलांच्या बागेत रमला. वैशाली सही करत असताना त्याने टेबलावरचा कागद दुसऱ्या बाजूने धरून ठेवला. मला तो तेवढ्यावरच आवडला.

चार वाजता आम्ही बागेकडे निघालो. जळगाव सोडून तापीच्या दिशेने गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या भिंती उभ्या राहतात. गाडीतून उतरले आणि जाणवलं, हवा जागची हलत नाही. ओल्या मातीचा, सडलेल्या पानांचा आणि कुठेतरी पिकलेल्या घडाचा एक गोड, जड वास होता. पानांतून खाली येणारा उजेड हिरवा होता, आणि त्यात चालणारी माणसं पाण्याखाली चालल्यासारखी सावकाश वाटत होती. मधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या आणि काही खाटा टाकल्या होत्या, बुंध्यांना पिवळे दिवे बांधले होते. एका बाजूला तीन बायका खापरावर मांडे करत होत्या. पुरणाचा उंडा हातावर फिरत फिरत पातळ होत जायचा आणि तव्यासारख्या पालथ्या खापरावर उतरायचा. मी किती वेळ पाहत उभी होते कोण जाणे.

बागेच्या कडेला दोन खोल्यांचं घर आहे. तिथे अक्का वैशालीला शालू नेसवत होत्या, मला हाताशी बोलावलं होतं. पंखा होता, पण दिव्यांसाठी तार ओढल्यामुळे तो अगदी हळू फिरत होता. अक्कांनी निऱ्या घातल्या, खोचल्या, खांद्यावर पदर घेऊन चार ठिकाणी पिना लावल्या. वैशाली फार देखणी दिसत होती, हे खरंच आहे. अक्का दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग लाट आली. मला तिच्या मानेवरून कळलं. आधी लाली चढली, मग घाम फुटला, कपाळावरचं कुंकू ओघळायला लागलं. वैशाली तशीच उभी राहिली, हसत. दोन्ही हातांनी तिने साडीचा काठ घट्ट धरला होता. मी पुढे होणार तेवढ्यात तिचे गुडघे वाकले. आम्ही दोघींनी तिला धरून खाटेवर बसवलं. मी पाणी आणलं, तिच्या तोंडाला लावलं. तिला श्वास लागला होता, ओठ कोरडे पडले होते.

 अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. ब्लाऊज ओलाचिंब झाला होता. त्या हात तसाच ठेवून अगदी हळू म्हणाल्या, "तुले बी व्हस का असं?"

वैशालीने मान डोलावली.

"माले बी व्हये. चार-पाच साल. मी कोणलेच सांगं नही."

त्यांनी पिना काढायला सुरुवात केली. एकेक पीन काढून आपल्या पदराला टोचून ठेवली. पदर उतरवला, निऱ्या सोडल्या. शालू जमिनीवर पडला तसाच त्यांनी पडू दिला. टॉवेल ओला करून तिची पाठ पुसली, मान पुसली, दंड पुसले, लहान मुलीचे पुसावे तसे. त्या काळात आपण स्वयंपाकघरातून उठून गोठ्यात जाऊन उभं राहायचो, असं त्या सांगत होत्या. तिथे अंधार असायचा, कुणी बघायचं नाही. सासू म्हणायची, ही सारखी कुठे पळते. हे सगळं त्या वैशालीला सांगत होत्या की स्वतःला, कळत नव्हतं. टॉवेल पुन्हा पिळून आणला आणि तो हातात धरूनच त्या तिच्यासमोर खाली बसल्या.

"तव्हय बी तू सांगे माले," त्या म्हणाल्या. "त्या घरना बद्दल. आनि मी ऐकं नही."

वैशाली रडली नाही. तिने वाकून आपलं कपाळ अक्कांच्या खांद्याला टेकवलं, आणि दोघी तशाच बसून राहिल्या. मी बाहेर आले.

थोड्या वेळाने अक्कांनी मला हाक मारली. त्यांना महेश्वरी हवी होती. मी ती वैशालीच्या बॅगेतून काढून दिली. अक्कांनी ती हातावर घेतली, उघडून दिव्यासमोर धरली, बोटांमध्ये चुरून पाहिली. "हलकं शे," त्या म्हणाल्या, आणि नेसवायला लागल्या. शालू उचलून घडी करायला घेतला तेव्हा वैशालीने त्यांच्या हातून तो मागून घेतला. "थंडीमा नेससू," ती म्हणाली. इथली थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल, पौषात या बागेत संध्याकाळी शालसुद्धा कमी पडते.

त्यानंतरची संध्याकाळ मला सलग आठवत नाही, तुकड्यांनी आठवते. हिरव्या-पिवळ्या साडीतली वैशाली केळीच्या बुंध्यांमधून चालत आली तेव्हा आधी ती दिसलीच नाही, फक्त काठ चमकला. पिवळ्या दिव्यांखाली सगळ्यांचे चेहरे मऊ झाले होते. भरड्या मिठाचं आणि हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कढी, आणि दुधात बुडवलेले मांडे. जड दागिने घातलेल्या दोन पाहुण्या एकेक करून ते पर्समध्ये टाकत होत्या. उंच टाचांची एक मुलगी चपला काढून अनवाणी फिरायला लागली, कारण भिजलेल्या मातीत टाच रुतते. माझी धुरकट साडी मांडीवर घेऊन मी सतरंजीवर बसले होते आणि जेवण संपेपर्यंत अंगावर काय आहे याचा मला विसर पडला होता. वैशालीला मध्ये एकदा पुन्हा लाट आली. ती उठली नाही. अक्का तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ताडाच्या पानाचा पंखा उचलला आणि बोलणं न थांबवता तिला वारा घालत राहिल्या. सुधाकरने पाण्याचा तांब्या त्या दोघींच्या मध्ये आणून ठेवला आणि परत वाढायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतले. अक्का राहिल्या. दोन दिवस, असं म्हणाल्या होत्या. धुळ्यापर्यंत बस, पुढे दुसरी. कापूस, डोंगर, मालेगाव, सगळं उलट्या क्रमाने.

आता पुण्याच्या घरी बसून हे लिहिते आहे. तुमच्या प्रश्नांसाठी थोडक्यात सांगते. दमट हवेतल्या संध्याकाळी सूत किंवा सूत-रेशीम, आत सुतीच कपडा, सैल बाही, उघडी मान, कमी दागिने, सपाट चपला. महेश्वरी पहिल्यांदा थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, कडक इस्त्री करू नका. आणि सोबत कुणी बाई असेल तर तिला कपडा कसा दिसतो हे विचारण्याआधी त्यात कसं वाटतंय ते विचारा. मी इतकी वर्षं कपड्यांवर लिहिते, पण हा प्रश्न फार कमी वेळा विचारला, असं आता वाटतं.

काल संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे अक्का होत्या. त्यांनी मला याआधी कधी फोन केला नव्हता. त्या अजून बागेतच होत्या. आम्ही दोघी बाहेर खाटेवर बसलोय, त्यांनी सांगितलं, वैशाली शेजारी आहे, बरी आहे.  फोनमध्ये पानांचा मोठा, ओल्या कागदासारखा सळसळाट ऐकू येत होता.

"आज वारं शे इकडे," अक्का म्हणाल्या.

मी फोन कानाशी तसाच धरून राहिले. त्यांनीही तो बंद केला नाही.